संदर्भ कसे द्यायचे: पहिला प्रकल्प किंवा प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी

पीएच.डी.चं तिसरं प्रकरण लिहिताना मी एक परिच्छेद चार पानं पुढे नेला. तिथे तो जास्त शोभत होता. त्याला टीप होती, 'तत्रैव, पृ. 112'. तत्रैव म्हणजे तिथेच, वरच्या टिपेतल्याच पुस्तकात. परिच्छेदाबरोबर टीपही हलली, आणि आता तिच्या वर वेगळ्याच लेखकाचं पुस्तक आलं. त्या लेखकानं कधीही न लिहिलेलं वाक्य माझ्या प्रबंधात त्याच्या नावावर जमा झालं. मौखिकीला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडून विचारलं, "हे ते कुठं म्हणतात?" उत्तर माझ्या वहीत होतं आणि वही घरी होती.

आता मी शिकवते. एम.ए.च्या शेवटच्या सत्राचे प्रकल्प आणि पीएच.डी. कोर्सवर्कचे पेपर हातात आले की संदर्भसूची सगळ्यात आधी उघडते. विद्यार्थी स्वल्पविराम आणि कंसांना घाबरतात, पण ते तासाभरात शिकता येतं. खरी चूक वाचनाच्या दिवशीच झालेली असते: पान क्रमांक टिपायचा राहिलेला असतो, नाहीतर आवृत्ती बघायची राहिलेली असते. संदर्भाचं काम एकच आहे. तुम्ही जे पान पाहिलं, त्याच पानापर्यंत वाचणाऱ्याला जाता आलं पाहिजे. पुढचे सगळे नियम यातूनच निघतात, म्हणून ते पाठ करण्यापेक्षा प्रत्येक वेळी स्वतःला विचारा: एवढ्या माहितीवर परभणीतला माणूस हे पुस्तक काढून हेच पान उघडू शकेल का?

पहिली पायरी: कोणती शैली, हे विचारून घ्या

समाजशास्त्र, मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, वाणिज्य या विषयांत सहसा एपीए शैली चालते: मजकुरात कंसात आडनाव आणि वर्ष, शेवटी यादी. इंग्रजी साहित्यात एमएलए, म्हणजे कंसात आडनाव आणि पान. इतिहासात शिकागो पद्धतीच्या तळटिपा, आणि मराठीच्या प्रबंधांतही टिपांचीच परंपरा जास्त. अभियांत्रिकीत चौकटी कंसात आकडे, वैद्यकशास्त्रात व्हँकूव्हर, तीही आकड्यांचीच शैली. तुमच्या मार्गदर्शकांना पहिल्याच भेटीत विचारा आणि आवृत्तीसकट विचारा. एपीएची सातवी आवृत्ती 2019 मध्ये आली, एमएलएची नववी 2021 मध्ये, शिकागोची अठरावी 2024 मध्ये.

आवृत्ती विचारायचं कारण सांगते. बहुतेक जण विभागाच्या कपाटातला एखाद्या सीनियरचा प्रबंध काढतात आणि त्याची सूची बघून आपली मांडतात. तो प्रबंध दहा-बारा वर्षांपूर्वीचा असला तर त्यात एपीएची सहावी आवृत्ती असते, आणि सहाव्या आवृत्तीत प्रकाशनाचं गाव लिहायचं होतं. सातव्यात ते काढून टाकलं. मग निम्म्या नोंदींना 'पुणे:' लागलेलं आणि निम्म्यांना नाही, अशी सूची तयार होते. विद्यापीठाची स्वतःची सूचना असेल तर ती सगळ्यांच्या वर. विभागानं काहीच सांगितलं नसेल तर एक शैली निवडा, मार्गदर्शकांकडून लेखी होकार घ्या आणि शेवटपर्यंत तीच पाळा.

दुसरी पायरी: पुस्तक हातात असतानाच सगळं टिपा

याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे, कारण इथे हुकलेलं नंतर भरून निघत नाही. किनवटच्या मुलानं एका पान क्रमांकासाठी पुन्हा छत्रपती संभाजीनगरच्या ग्रंथालयात जायचं म्हणजे एसटीचा अख्खा दिवस आणि मुक्काम.

पुस्तक उघडलं की मुखपृष्ठावरून काही उतरवू नका. मुखपृष्ठ सजवलेलं असतं. त्यावर कधी उपशीर्षक गळतं, कधी संपादकाचं नाव नसतं. आतलं शीर्षकाचं पान बघा आणि ते उलटून मागचं पान बघा. प्रकाशक, पहिल्या आवृत्तीचं साल, तुमच्या हातातल्या आवृत्तीचं साल, अनुवादक, सगळं तिथे असतं. मोबाइल असेलच. मजकुराच्या पानाचा फोटो काढण्याआधी या दोन पानांचा फोटो काढायची सवय लावा. नाहीतर सहा महिन्यांनी मोबाइलमध्ये दोनशे पानांचे फोटो असतात आणि कुठलं पान कुठल्या पुस्तकाचं ते कळत नाही.

आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांत फरक आहे. पुनर्मुद्रणात मजकूर तोच असतो. आवृत्तीत तो बदललेला असू शकतो. आपल्याकडे कित्येक प्रकाशक नुसत्या पुनर्मुद्रणालाही 'तिसरी आवृत्ती' म्हणतात, आणि जुन्या पुस्तकाची नव्यानं अक्षरजुळणी झाली की पान क्रमांक सरकतात. म्हणून ज्या प्रतीतून पान क्रमांक घेतला, त्याच प्रतीचं साल द्यायचं. पहिल्या आवृत्तीचं साल आणि पाचव्या आवृत्तीचं पान, ही जोडी कुठल्याच ग्रंथालयात सापडणार नाही.

जुन्या मराठी पुस्तकांवर नुसतं शके लिहिलेलं असतं. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतची तारीख असेल तर 79. आपल्या भागात आणखी एक अडचण येते. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे तेव्हाच्या सरकारी कागदांवर फसली साल, म्हणजे महसुली कामाचं वर्ष, असतं. दख्खनी फसलीत 590 मिळवा. फसली 1357 म्हणजे 1947-48. हिजरीला मात्र असा सरळ हिशोब लावू नका. ते वर्ष चांद्र असल्यानं आपल्या वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असतं, तिथे रूपांतराचा तक्ता बघावा लागतो. सूचीत मूळ साल आधी आणि इसवी सन चौकटी कंसात लिहा, म्हणजे रूपांतर तुम्ही केलं आहे हे वाचणाऱ्याला कळतं: शके 1810 [1888].

अवतरण वहीत उतरवताना ते दुहेरी अवतरणचिन्हांत आणि शब्दशः उतरवा, अगदी त्यातली मुद्रणदोषाची चूकसुद्धा. तुमच्या शब्दांतला सारांश असेल तर चिन्हं नकोत. ही खूण वहीत नसेल तर तीन महिन्यांनी कुठलं वाक्य तुमचं आणि कुठलं लेखकाचं, हे तुम्हालाच ओळखू येणार नाही.

तिसरी पायरी: नावं

सूचीत आडनाव आधी येतं, मग आद्याक्षरं. ना. धों. महानोर यांची नोंद 'महानोर, ना. धों.' अशी, म अक्षराखाली. 'धों.' वरचा अनुस्वार तसाच ठेवायचा, 'ढो.' किंवा 'धो.' करायचं नाही. डॉ., प्रा., ह.भ.प., श्रीमती ही सगळी बिरुदं काढा. गुरुजनांच्या नावामागची 'डॉ.' काढताना विद्यार्थ्यांना संकोच वाटतो, पण सूचीत ते सगळ्यांचंच काढलेलं असतं, त्यात अनादर नाही.

आडनाव नसलेल्यांना आडनाव चिकटवू नका. ज्ञानेश्वर, जनाबाई, मुकुंदराज, दासोपंत यांच्या नोंदी त्यांच्या एकेरी नावानंच होतात. 'संत' हा शब्दसुद्धा नोंदीच्या सुरुवातीला घेऊ नका, नाहीतर निम्मी सूची स अक्षराखाली गोळा होते. परभणीचे बी. रघुनाथ यांची नोंद 'रघुनाथ, बी.' अशी मी कितीदा तरी पाहिली आहे. त्यांचं नाव भगवान रघुनाथ कुलकर्णी. रघुनाथ हे वडिलांचं नाव आहे, आणि 'बी. रघुनाथ' हे लेखनासाठी घेतलेलं नाव अखंड आहे. ते जसंच्या तसं ब अक्षराखाली लावायचं. टोपणनावाचं सगळीकडे असंच: पुस्तकावर कुसुमाग्रज असेल तर कुसुमाग्रज, वि. वा. शिरवाडकर असेल तर शिरवाडकर. एकाच माणसाची दोन्ही नावांची पुस्तकं वापरली असतील तर दोन नोंदी कराव्या लागतात, आणि एकीतून दुसरीकडे 'पाहा' अशी खूण करता येते.

आपल्याकडे जाधव, शिंदे, पवार, देशमुख, कांबळे, कुलकर्णी यांच्याशिवाय सूची पुरी होत नाही. दोन वेगळ्या शिंद्यांची पुस्तकं घेतली तर मजकुरात नुसतं '(शिंदे, 2004)' लिहून चालत नाही, आद्याक्षरं घाला: '(फ. मुं. शिंदे, साल)'. एकाच लेखकाची एकाच वर्षीची दोन पुस्तकं असतील तर 2004अ आणि 2004ब, आणि तीच अक्षरं सूचीतही. लेखक तीन किंवा जास्त असतील तर एपीएमध्ये मजकुरात पहिलं आडनाव आणि 'आणि इतर'. सूचीत मात्र वीसपर्यंत सगळी नावं.

चौथी पायरी: गावांची आणि विद्यापीठांची नावं

हा प्रश्न आपल्या भागात जेवढा येतो तेवढा दुसरीकडे क्वचितच येत असेल. 1985 साली सादर झालेल्या प्रबंधावर विद्यापीठाचं नाव काय लिहायचं? त्या प्रबंधाच्या पानावर जे छापलं आहे ते: मराठवाडा विद्यापीठ, औरंगाबाद. हे विद्यापीठ 1958 साली सुरू झालं आणि 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार होऊन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झालं. त्या तारखेनंतरच्या प्रबंधांवर पूर्ण नाव हवंच. ते छाटून 'मराठवाडा विद्यापीठ' लिहिणं चूक आहे, आणि ज्या नावासाठी इथल्या माणसांनी इतकी वर्षं लढा दिला ते आळसानं गाळू नये असं मला मनापासून वाटतं. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 1994 मध्येच स्थापन झालं, त्यामुळे नांदेड, लातूर, परभणीकडच्या त्याआधीच्या प्रबंधांवर छत्रपती संभाजीनगरच्याच विद्यापीठाचं नाव असेल. त्यात गोंधळून जाऊ नका.

शहरांचंही तेच. जुन्या पुस्तकावर 'औरंगाबाद' किंवा 'उस्मानाबाद' छापलेलं असेल तर नोंदीत तेच राहतं, कारण ग्रंथालयाच्या नोंदवहीत ते तसंच आहे. तुमच्या स्वतःच्या वाक्यांत आजचं नाव लिहा. पहिल्यांदा उल्लेख येईल तिथे एक टीप द्या, बाकी ठिकाणी स्पष्टीकरणाची गरज नाही.

आकडेवारी वापरणाऱ्यांनी इथे जास्त जपावं. 1971 च्या जनगणनेतला परभणी जिल्हा आजचा परभणी नव्हे: त्यात हिंगोली होता आणि परतूरही होता. जालना जिल्हा 1981 मध्ये झाला, लातूर 1982 मध्ये उस्मानाबादमधून निघाला, हिंगोली 1999 मध्ये. 1971 आणि 2011 चे 'परभणी'चे आकडे शेजारी ठेवून कुणी लोकसंख्या जेमतेमच वाढल्याचा निष्कर्ष काढला, तर संदर्भ दोन्हीकडे अचूक असूनही तो निष्कर्ष चुकीचाच राहील. तक्त्याखाली जनगणनेचं वर्ष आणि जिल्ह्याची तेव्हाची हद्द, दोन्ही लिहा.

पाचवी पायरी: मजकुरातली खूण आणि सूचीतली नोंद

दोन नमुने नीट बघा. पहिला, मूळ प्रकाशन एका काळचं आणि हातातली प्रत दुसऱ्या काळची असेल तेव्हाचा:

आंबेडकर, बी. आर. (1979). अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट. वसंत मून (संपा.), डॉ. बाबासाहेब आंबेडकर: रायटिंग्ज अँड स्पीचेस (खंड 1, पृ. 23–96). शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन. (मूळ प्रकाशन 1936)

मजकुरात याची खूण '(आंबेडकर, 1936/1979, पृ. …)' अशी होईल. नुसतं '(आंबेडकर, 1979)' लिहिलं तर बाबासाहेबांनी हे 1979 साली लिहिलं असं वाचलं जातं. तिरप्या रेघेआधीचं साल विचाराचा काळ सांगतं, नंतरचं तुमच्या हातातल्या प्रतीचा. पान क्रमांक त्या दुसऱ्या सालाच्या प्रतीतला.

दुसरा नमुना जुन्या संपादित ग्रंथाचा:

म्हाइंभट. (1978). श्रीचक्रधर लीळाचरित्र (वि. भि. कोलते, संपा.). महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ.

इथे संपादकाचं नाव गाळलं तर नोंद निरुपयोगी होते. लीळाचरित्राच्या वेगवेगळ्या संपादनांत पाठ आणि लीळांचे क्रमांक वेगळे आहेत. कुणाचं संपादन ते कळल्याशिवाय तुमची लीळा कुणालाच सापडणार नाही. अशा ग्रंथांत पानाबरोबर लीळेचा क्रमांक द्या, ज्ञानेश्वरीसाठी अध्याय आणि ओवी, गाथेसाठी अभंग क्रमांक. प्रत बदलली तरी ओवी बहुधा हाती लागते.

पहिल्या नमुन्यात मजकुरातलं आडनाव आणि सूचीतल्या नोंदीचा पहिला शब्द तंतोतंत जुळतो, हे लक्षात आलं असेल. वाचणारा कंसातलं नाव घेऊन सूचीत जातो. मजकुरात 'बाबासाहेब, 1979' आणि सूचीत 'आंबेडकर' असं झालं की वाट तुटते.

तळटिपांची शैली असेल तर माझा आग्रह आहे की मसुदा पक्का होईपर्यंत 'तत्रैव' आणि 'उपरोक्त' लिहूच नका. प्रत्येक टिपेत सूचीतलं नाव, शीर्षकाचे एक-दोन शब्द आणि पान लिहा: 'म्हाइंभट, लीळाचरित्र, पृ. …'. परिच्छेद कितीही हलवला तरी ही टीप खरीच राहते. शिकागोनंसुद्धा सतराव्या आवृत्तीपासून अशाच आखूड टिपांना पसंती दिली आहे. विभागाला तत्रैव हवंच असेल तर ते बाइंडिंगच्या आधी, अगदी शेवटी घाला.

आणखी एक, आणि हे प्रामाणिकपणाचं आहे. निजामकाळातलं फारसी किंवा मोडी कागदपत्र तुम्ही स्वतः पाहिलेलं नसतं. एखाद्या मराठी ग्रंथात त्यातला उतारा वाचलेला असतो. मग टिपेत दप्तराचा क्रमांक देऊन आपण दप्तर चाळल्यासारखं दाखवू नका. 'अमुक दप्तर, तमुक ग्रंथात उद्धृत, पृ. …' असं लिहा आणि सूचीत फक्त त्या मराठी ग्रंथाची नोंद करा. त्या लेखकानं वाचताना एक शब्द चुकवला असेल तर त्याची जबाबदारी तुमच्यावर येत नाही, आणि ज्यानं महिनोनमहिने दप्तरात बसून तो कागद शोधला त्याचं श्रेय त्याला मिळतं.

सहावी पायरी: अवतरण की आपले शब्द

उदाहरणासाठी मीच एक वाक्य रचते. समजा मूळ लेखकानं लिहिलंय: 'विहीर आटली की घरातल्या बाईचा दिवस पहाटेच्याही आधी सुरू होतो.' विद्यार्थी त्याचं असं करतात: 'विहीर कोरडी पडली की घरातील स्त्रीचा दिवस पहाटेपूर्वी सुरू होतो.' आटलीचं कोरडी, बाईचं स्त्री. हे आपले शब्द झाले नाहीत. वाक्याचा सांगाडा लेखकाचाच आहे. पुस्तक मिटून, मुद्दा लक्षात घेऊन लिहा: 'पाणीटंचाईचा पहिला भार बायकांच्या झोपेवर पडतो, असं निरीक्षण लेखकानं नोंदवलं आहे', आणि पुढे खूण द्या. खूण दोन्ही वेळा लागतेच. शब्द आपले झाले म्हणून विचार आपला होत नाही.

मोठा उतारा घ्यायचा असेल तर एपीएत 40 शब्दांपासून आणि एमएलएत चार ओळींपेक्षा जास्त गद्य असेल तेव्हा तो अवतरणचिन्हांशिवाय, डावीकडे आत सरकवून वेगळा लावतात.

सॉफ्टवेअरनं काढलेल्या टक्केवारीची धास्ती सगळ्यांना असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्याला दंड नाही. 10 च्या वर 40 पर्यंत असेल तर प्रबंध दुरुस्त करून जास्तीत जास्त सहा महिन्यांत पुन्हा द्यायचा; 40 च्या वर 60 पर्यंत असेल तर वर्षभर दुरुस्त प्रबंध सादरच करता येत नाही; 60 च्या वर गेलं तर नोंदणी रद्द. श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे मोजणीतून वगळायचे असतात. अहवालात ते वगळलेले नसतील तर ग्रंथपालांना तसं सांगून पुन्हा अहवाल मागा. पण 8 टक्के आले म्हणून निर्धास्त होऊ नका. एका परिच्छेदाचा मुद्दा खूण न देता उचलला असेल तर यंत्राला तो दिसला नाही तरी त्या विषयातल्या माणसाला दिसतो.

सातवी पायरी: इथलीच साधनं

शैलीच्या पुस्तिका परदेशात लिहिल्या गेल्या आहेत. दिवाळी अंक, शासन निर्णय, जात्यावरच्या ओव्या त्यांत नाहीत. अशा वेळी कोण, कधी, काय, कुठे या चार प्रश्नांची उत्तरं त्याच क्रमानं लिहावीत.

शासन निर्णय: विभागाचं नाव, तारीख, विषय, शासन निर्णय क्रमांक. शेवटच्या पानावर संगणक संकेतांक दिलेला असतो, तो जरूर घ्या, कारण संकेतस्थळावर त्यावरूनच तो लगेच निघतो. दिवाळी अंक: लेखक, वर्ष, लेखाचं शीर्षक, अंकाचं नाव, 'दिवाळी अंक', पानं. त्रैमासिकाचं वर्ष आणि अंक क्रमांक दोन्ही लिहा. जोडअंक असेल तर 'अंक 3-4'. वर्तमानपत्राची आवृत्ती विसरू नका. नांदेड आवृत्तीच्या पाचव्या पानावरची बातमी छत्रपती संभाजीनगर आवृत्तीत दुसऱ्याच पानावर असू शकते, किंवा नसूही शकते.

मुलाखतींचं थोडं सविस्तर सांगते, कारण आपले कितीतरी प्रकल्प गावात जाऊन केलेले असतात. एपीएत मुलाखत सूचीत जात नाही. ती वाचणाऱ्याला मिळवता येत नाही म्हणून. मजकुरात 'व्यक्तिगत संवाद' आणि पूर्ण तारीख लिहितात. पण ज्यांच्यावर अभ्यास केला त्या लोकांची, म्हणजे ऊसतोड कामगार, शेतकरी बायका यांची नावं तर मजकुरातही देत नाहीत. त्यांना 'निवेदक 4' असा क्रमांक देऊन वय, गाव किंवा तालुका एवढंच परिशिष्टात ठेवतात. ओव्या गोळा केल्या असतील तर वेगळा विचार करावा लागतो. ज्या आजीनं ओवी सांगितली ती नुसती माहिती देणारी नसते, ते धन तिनं जपलेलं असतं. तिला विचारा, नाव छापू का. ती हो म्हणाली तर नाव, गाव, ध्वनिमुद्रणाची तारीख हे सगळं परिशिष्टात सन्मानानं लिहा. नको म्हणाली तर नको. विचारायचं मात्र ओवी घेतानाच, नंतर फोनवरून नव्हे.

आठवी पायरी: टायपिंग आणि यंत्र

विद्यापीठाच्या गेटसमोर डीटीपीवाल्याकडे टायपिंग देणार असाल तर पहिली अट युनिकोडची घाला. जुन्या फॉन्टमधला मजकूर कागदावर मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची विस्कटलेली रांग असते. त्यात शोध घेता येत नाही, सूची अकारविल्हे लागत नाही, साधर्म्याच्या तपासणीलाही अर्थ राहत नाही.

युनिकोडमध्येही क्रम एकदा डोळ्यांनी तपासा. आपल्या शाळेतल्या वर्णमालेत क्ष आणि ज्ञ शेवटी येतात. संगणक बहुधा त्यांना जोडाक्षरं समजून क्ष ला क मध्ये आणि ज्ञ ला ज मध्ये नेतो. दोन्हींपैकी कुठलाही क्रम चालेल, पण ज्ञानेश्वर एका यादीत ज खाली आणि दुसऱ्या यादीत शेवटी असं नको. ग्रंथांची नावं तिरपी करण्याचा नियम इंग्रजीतून आला आहे. देवनागरी तिरपी केली की वाचायला त्रास होतो, म्हणून मराठी प्रबंधात मी ठळक अक्षरं किंवा एकेरी अवतरणचिन्हं सुचवते. मराठी आणि इंग्रजी पुस्तकांच्या याद्या मराठी प्रबंधात वेगळ्या ठेवा, दोन लिप्या एका क्रमात बसत नाहीत. प्रबंध इंग्रजीत असेल तर मराठी शीर्षक रोमन लिपीत आणि त्याचा अर्थ पुढे चौकटी कंसात देऊन सगळं एकाच यादीत.

संदर्भ साठवून सूची लावून देणारं झोटेरो किंवा मेंडेली हे सॉफ्टवेअर शिकून घ्या, दोन्ही फुकट मिळतात. शंभरावर संदर्भ असतील तर तो वेळ नक्की वसूल होतो. मात्र आडनाव आणि नाव हे वेगवेगळ्या रकान्यांत तुम्हालाच भरायचं आहे, आणि मराठी सूचीत मध्येच इंग्रजी 'अँड' किंवा 'एडिटर' उमटलं आहे का ते बघायचं आहे. गूगल स्कॉलरवरून उचललेली तयार नोंदही मूळ लेखाच्या पहिल्या पानाशी ताडून घ्या. तिच्यात नावं उलटी झालेली आणि वर्षं चुकलेली मला वारंवार सापडली आहेत.

चॅटबॉटला संदर्भ मागू नका. तो खरा वाटणारा लेखक, खरं वाटणारं नियतकालिक आणि अस्तित्वात नसलेला लेख जुळवून देतो. गेल्या वर्षी माझ्याकडच्या एका पेपरात अशा चार नोंदी होत्या. विद्यार्थिनी हुशार होती, बाकीचा पेपर तिनं स्वतः लिहिला होता, पण त्या चार ओळींमुळे मला तिचं प्रत्येक वाक्य पुन्हा तपासावं लागलं.

बाइंडिंगच्या आधी

छापील प्रत घ्या, पडद्यावर हे काम होत नाही. मजकुरातली प्रत्येक खूण वाचत जा आणि सूचीत तिच्या नोंदीसमोर पेन्सिलनं बरोबर करा. ज्या खुणेला नोंद नाही ती लिहा. ज्या नोंदीसमोर बरोबर आलं नाही ती एपीए किंवा एमएलएच्या सूचीतून काढून टाका, पुस्तक कितीही मोठं असलं तरी. टिपांच्या शैलीतल्या 'संदर्भग्रंथ' यादीत वाचलेली पण न उद्धृत केलेली पुस्तकं ठेवता येतात. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा डिजिटल क्रमांक, असलेल्या प्रत्येक लेखाचा दुवा एकदा उघडून बघा.

मग सूचीतल्या कुठल्याही पाच नोंदी पान क्रमांकासकट एका चिठ्ठीवर लिहा आणि वर्गातल्या मैत्रिणीला द्या. तिला प्रबंध दाखवू नका. ग्रंथालयात जाऊन ती पाच पानं काढायला सांगा. पाचही सापडली तर बाइंडिंगला द्या. एक जरी सापडलं नाही, तरी त्या पुस्तकाच्या सगळ्या टिपा घेऊन पुन्हा बसा, आणि तिच्या पाच नोंदी शोधायला तुम्ही जा.